चेहऱ्यांच्या प्रदर्शनातली ओली पावलं

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. कुणी कुणाला पुढे पाठवलेला किस्सा नाही. मावशी अजून आहे, ओकायामातच राहते, आणि तिच्यासमोर बसून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

संग्रहालयाचं नाव मात्र सांगणार नाही. तिथे अजून माणसं नोकरी करतात.

आणि एक आधीच सांगते. यात रात्र नाही. अंधार नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं, तिकीट काढून आलेल्या माणसांमध्ये.

तारीख १० नोव्हेंबर २०२२. गुरुवार. दुपारचे साडेतीन वाजले असतील.

मावशीचं नाव मित्सुए. तेव्हा साठ वर्षांची होती. शहरातल्या त्या मोठ्या कलासंग्रहालयात ती दालनात बसायची. म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर पातळ ब्लँकेट घेऊन, नुसतं लक्ष ठेवायचं. कुणी पेन काढलं की, शाईचा डाग नको म्हणून, उठून हातात पेन्सिल द्यायची. कुणाचं बोट चित्राकडे गेलं की हळूच खाकरायचं. दर चाळीस मिनिटांनी दालन बदलायचं. अकरा वर्षं ती हेच करत होती.

तिला ही नोकरी आवडायची, कारण कुणाशी बोलावं लागत नसे.

त्या वर्षी संग्रहालयाने एक मोठं प्रदर्शन भरवलं होतं. एरवी प्रत्येक विभागाचं घर वेगळं. पडद्यांवरची चित्रं एकीकडे, नाटकाचे मुखवटे दुसरीकडे, मूर्ती तिसरीकडे, युरोपातली तैलचित्रं वरच्या मजल्यावर. या वेळी सगळ्या कोठारांतून निवडून फक्त बायकांचे चेहरे बाहेर काढले होते. चौऱ्याऐंशी चेहरे, सात दालनं. तीनशे वर्षांपूर्वीची केस विंचरणारी बाई, टोपी घातलेली फ्रेंच बाई, लाकडी मुखवटे, मातीच्या बाहुल्या, आणि शेवटच्या दालनात करुणेची देवी कान्नोन, एकटीच.

शहरभर पोस्टर लागले होते. त्यावर फक्त चेहरे, आणि खाली एक ओळ.

‘तिला भेटायला या.’

त्या गुरुवारी मावशी तिसऱ्या दालनात होती. केस विंचरणाऱ्या बाईच्या चित्रासमोर तिला फरशीवर काहीतरी चमकलं.

पाणी होतं. बशीएवढं.

तिला वाटलं, कुणाची छत्री ठिबकली. तिने रुमाल काढला, वाकून पुसलं. आणि वाकल्यावाकल्या तिच्या लक्षात आलं...

तीन आठवडे पाऊसच पडला नव्हता.

तिने रीतीप्रमाणे कळवलं. प्रदर्शनाची जबाबदारी मोरितानी नावाच्या तरुण अभ्यासक बाईंवर होती. त्या धावतच आल्या. जुन्या कागदाला दमट हवा म्हणजे वाळवीच. त्यांनी काचेतलं हवेचा दमटपणा मोजायचं यंत्र पाहिलं, माणूस बोलावून छत तपासलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी फ्रेंच बाईसमोर होतं.

शनिवारी मुखवट्यांच्या दालनात.

दालनात बसणाऱ्या बायकांमध्ये एक हिगासाबाई होत्या. जिभेला हाड नाही, पण मनाने चांगल्या. जेवणाच्या सुट्टीत भाताचा गोळा खाता खाता त्या म्हणाल्या, की एवढं काय घाबरायचं, चौऱ्याऐंशी सुंदर बायका बघून कुणा आजोबांना आवरलं नसेल. सगळ्या हसल्या. मावशीही हसली.

पण तिने एक गोष्ट पाहिली होती, ती कुणाला सांगितली नव्हती.

मुखवट्यांच्या दालनात बारा मुखवटे होते. त्यातले सात म्हाताऱ्यांचे, सुरकुतलेले. पाच तरुण मुलींचे.

पाणी फक्त त्या पाचांसमोर होतं.

म्हातारीच्या मुखवट्यांसमोरची फरशी कोरडी होती. जे कुणी ओलं होऊन येत होतं, ते म्हाताऱ्या बायकांसमोर थांबतच नव्हतं. तरुण बाई दिसली की थांबायचं. तिच्याकडे बघायचं. इतका वेळ, की खाली पाणी साचायचं. मग पुढे जायचं.

कुणीतरी चेहरे तपासत होतं.

मंगळवारी मावशीला आवाज ऐकू आला.

ती पाचव्या दालनात होती. एक म्हातारं जोडपं सोडून कुणी नव्हतं. शेजारच्या दालनातून पावलं येत होती. छोटी. पण दोन पावलांचा आवाज सारखा नव्हता.

चट्...

मग काहीच नाही.

चट्...

मग काहीच नाही.

एका पायात चप्पल असली आणि दुसरा अनवाणी असला, की माणूस असं चालतं.

मावशीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उठली नाही.  पावलं दारापर्यंत आली, थांबली आणि परत फिरली. म्हाताऱ्या जोडप्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

दहा मिनिटांनी ती दारापाशी गेली. उंबऱ्यावर ओले ठसे होते. एक उघड्या पायाचा, पाच बोटं स्पष्ट, तिच्या तळहाताहून लहान. दुसरा रबरी चपलेचा. चपलेच्या तळाला फुलांची नक्षी होती.

ती नक्षी तिने स्वतः पसंत केली होती. तेहतीस वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सेलमध्ये.

इथे मला मागचं सांगावं लागेल. आमच्या घरात हे कुणी बोलत नाही. मलाही वयाच्या विसाव्या वर्षी कळलं.

मावशीला एक मुलगी होती. चिहो. चार वर्षांची.

१९८९ चा जून. भाताची लावणी चाललेली. आमच्याकडे जूनमध्ये घरांच्या उंबऱ्याला लागून पाट भरून वाहतात, कठडा नाही, काही नाही. मावशी अंगणात चिहोचे केस विंचरत होती. तेवढ्यात आत फोन वाजला. मावशीने तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं, “इथेच थांब. आई आलेच.”

फोन ओसाकाहून होता. धाकट्या बहिणीचा. कचेरीत साहेब रागावले म्हणून ती रडत होती. मावशी तिची समजूत घालत बसली. दहा मिनिटं. फार तर बारा.

ती धाकटी बहीण म्हणजे माझी आई.

चिहो दोनशे मीटरवर, पाटाच्या दाराला अडकलेली सापडली. एका पायात चप्पल होती. दुसरी मिळालीच नाही.

त्यानंतर माझ्या आईने मावशीला कधी फोन केला नाही. पत्र लिहायची, भेटायला जायची, पण फोन नाही. आजतागायत नाही.

हिदेतो काका, म्हणजे मावशीचे यजमान, तेव्हा शहर बस चालवायचे. त्यांनी मावशीला एका शब्दाने दोष दिला नाही. रोज सकाळी देव्हाऱ्यात चिहोच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवायची आणि कामावर जायचं. तेहतीस वर्षं दोघं एका घरात राहिली, पण मुलीचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर मोकळं रडता तरी आलं असतं, असं मावशी म्हणते.

ठसे ओळखले त्या दिवशीही तिने घरी काही सांगितलं नाही. रात्रभर जागी राहिली. दुसऱ्या दिवशी रजा न घेता कामावर गेली. तिला भीती वाटत होती. पण आपण गेलो नाही आणि ती आली तर, याची भीती जास्त होती.

गुरुवार, १७ नोव्हेंबर. पावणेपाच.

संग्रहालय पाचला बंद होतं. बंद व्हायच्या आधीचं संगीत सुरू झालं होतं. माणसं बाहेर पडत होती. मावशीची पाळी शेवटच्या दालनात होती, कान्नोनच्या.

संगीत थांबलं.

आणि तिच्या खुर्चीमागे...

चट्...

मावशीने मागे पाहिलं नाही. मांडीवरचं ब्लँकेट दोन्ही मुठींत घट्ट धरलं. पाटाच्या पाण्याला जूनमध्ये एक वास असतो, चिखलाचा आणि कोवळ्या भाताचा. तो वास नोव्हेंबरात, बंद हवेच्या त्या दालनात, तिच्या मानेपाशी आला.

पावलं खुर्चीला वळसा घालून पुढे गेली. मूर्तीसमोर थांबली.

पिवळा झगा. पाठीला चिकटलेला. केस अर्धे विंचरलेले. उजव्या बाजूचे बांधलेले, डाव्या बाजूचे तसेच मोकळे.

पोरगी मान वर करून कान्नोनच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने मान हलवली. ही नव्हे.

ती वळली. तेव्हा तिला खुर्चीतली मावशी दिसली.

मावशीने तोंडावरचा मास्क खाली ओढला. सगळा चेहरा दिसावा म्हणून. ओळख पटावी म्हणून.

पोरगी दोन पावलं पुढे आली. नीट बघितलं. आणि शिकवलेल्या मुलांसारखं, आधी वाकून नमस्कार करून, म्हणाली,

“आजी, माझी आई पाहिलीत का हो?”

मावशी खुर्चीत पुढे सरकली.

“आलेच म्हणाली होती,” पोरगी म्हणाली. “मी थांबले होते.”

मावशी म्हणते, आयुष्यात तिने पुष्कळ सोसलं, पण त्या एका ‘आजी’ने तिला जितकं मारलं तितकं कशानेच नाही. तिने हात पुढे केला. ओठ हलवले. मीच गं, मीच तुझी आई, असं म्हणायचं होतं.

पोरीने हात पाठीमागे घेतले. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, हे मावशीनेच तिला शिकवलं होतं.

तेवढ्यात पहारेकरी दालनाचे दिवे तपासायला आला. त्याला खुर्चीत रडणारी मावशी दिसली. आणि मूर्तीपुढे पाणी.

बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी मावशीने काकांना सगळं सांगितलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा चिहोचं नाव त्या घरात मोठ्याने उच्चारलं गेलं.

काकांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. वेडी झालीस का, असं विचारलं नाही. चहा गार होऊन गेला. शेवटी त्यांनी फक्त एक विचारलं.

“तिला थंडी वाजत होती का गं?”

मावशी म्हणाली, माहीत नाही. विचारायचं राहिलं.

मग काका तोंड झाकून रडले.

रडून झाल्यावर त्यांनी सांगितलं की त्या पाटाजवळ, त्यांच्या जुन्या घरासमोरच्या बसथांब्यावर, ऑक्टोबरपासून त्या प्रदर्शनाचं पोस्टर लागलंय. चेहऱ्यांचं, ‘तिला भेटायला या’ म्हणणारं. ते रोज तिकडे फिरायला जायचे. मावशीला हे माहीत नव्हतं. ती त्या रस्त्याला तेहतीस वर्षांत फिरकली नव्हती.

काका उठले. त्यांच्या बसच्या परवान्याचं जुनं पाकीट होतं, ते त्यांनी कपाटातून काढलं. परवान्याच्या मागे एक फोटो होता. सत्तावीस वर्षांची मावशी, गावच्या जत्रेत, कमरेपर्यंत केस मोकळे सोडलेली, कुणाकडे तरी बघून हसणारी. चिहो गेली त्याच्या महिनाभर आधीचा.

“हा दाखव तिला,” काका म्हणाले. “मग पटेल.”

दुसऱ्या दिवशी मावशीने मोरितानीबाईंना विनंती करून शेवटचं दालन दिवसभरासाठी मागून घेतलं. पाठ दुखते, सारखं उठबस होत नाही, असं खोटं सांगितलं. फोटो छातीशी धरून बसली. माणसं येत होती, देवीला बघत होती, जात होती. एकाने पेन काढलं तर तिने उठून पेन्सिलही दिली नाही.

पावणेपाच वाजले. संगीत सुरू झालं. थांबलं.

चट्...

या वेळी पोरगी सरळ तिच्याकडे आली. मूर्तीकडे गेलीच नाही. कारण फोटो तिला दारातूनच दिसला होता.

मावशी म्हणते, तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. असा आनंद तिने कुणा माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

“हीच,” पोरगी म्हणाली. “हीच माझी आई. कुठंय ही?”

“चिहो,” मावशी म्हणाली. “मीच आहे बाळा. म्हातारी झाले मी. तुला खूप वेळ लागला ना, म्हणून.”

पोरीने फोटो पाहिला. मावशीकडे पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

 ही आजी आपल्याला फसवतेय, असं तिला वाटलं असावं.

“तुम्ही आई नाही,” ती अगदी हळू म्हणाली.

आणि तिने फोटो ओढून घेतला. मावशीने धरून ठेवला नाही. धरता आला असता, पण पोरीची बोटं तिच्या बोटांना लागली होती. ती इतकी गार होती, की मावशीला फोटोचं भानच राहिलं नाही. तिने ती बोटं धरायला हात उघडला, आणि बोटं निसटली.

चट्... चट्... चट्...

पावलं पळत गेली. सातव्या दालनातून सहाव्यात, सहाव्यातून पाचव्यात, आणि मग जिन्याकडे. मावशी मागे धावली. साठ वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. बाहेरच्या मोठ्या दारापर्यंत ओले ठसे होते. दाराबाहेर रस्ता कोरडा होता.

त्यानंतर ती आली नाही.

प्रदर्शन ११ डिसेंबरपर्यंत चाललं. मावशी रोज शेवटच्या दालनात बसली. फरशी कोरडी. हवेचं यंत्र अगदी बरोबर. मोरितानीबाईंच्या जिवात जीव आला. हिगासाबाई म्हणाल्या, छताने स्वतःच स्वतःला दुरुस्त केलं वाटतं. मग चेहरे उतरवले गेले. कागदात, सुती कापडात गुंडाळून, पेट्यांत भरून आपापल्या कोठारात परत गेले. देवी तिच्या जुन्या दालनात गेली.

मावशी आता निवृत्त झालीय. पण वर्षाचा पास काढून ती आठवड्यातून चारदा तिथे जाऊन बसते, आणि काका तिला बसने सोडायला जातात. दोघं आता चिहोबद्दल बोलतात. मी गेले की माझ्यासमोरही बोलतात. तेवढं एक बरं झालं.

माझी आई एकदा धीर करून मावशीला म्हणाली, ताई, तिला तुझा फोटो तरी मिळाला.  मावशी म्हणाली, “फोटो दिला नसता तर रोज आली असती गं. आजी म्हणून का होईना.”

मी हे इथे कधीच लिहिलं नसतं. घरातली गोष्ट घरात राहिली असती.

पण मागच्या महिन्यात मला सत्तावीस वर्षं पूर्ण झाली. आई ओसाकाला माझ्याकडे आली होती. मी अंघोळ करून, कमरेपर्यंतचे केस पुसत बाहेर आले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला वाडगा खाली ठेवला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही. वाडगा परत उचलताना म्हणाली, “ताईच बाहेर आली असं वाटलं. तेव्हाची ताई.”

मी हसण्यावारी नेलं.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. तळमजल्यावर ओकुमुरा नावाचे आजोबा राहतात. एकटे आहेत, दुपारभर जिन्यापाशी झाडांना पाणी घालत असतात. मागच्या मंगळवारी मी कामावरून आले तर त्यांनी मला थांबवलं. जरा रागावलेलेच होते. म्हणाले, पोरीला असं एकटं सोडू नये, आणि या गारठ्यात ओल्या कपड्यांत तर मुळीच नाही.

मी म्हटलं, “कुठली पोरगी, आजोबा? मला मूलबाळ नाही.”

ते गोंधळले.

“पिवळ्या झग्यातली,” ते म्हणाले. “तुझा फोटो होता की तिच्याकडे. मला दाखवून विचारत होती, ही कुठे राहते. मी सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर.”

त्याला आज नऊ दिवस झाले.

दार अजून वाजलेलं नाही. जिना कोरडा आहे. मी रोज बघते.

मावशीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पुढच्या गाडीने येईल आणि माझ्या दारात बसेल. आणि ती पोरगी पुन्हा तिच्यासमोरून, तिला ओलांडून, माझ्याकडे येईल. ते मावशीने बघावं असं मला वाटत नाही.

आणि दार वाजलं तर मी काय करायचं? मी तिची आई नाही. पण नाही म्हणून सांगायचं कसं? किती दारांवर तिने विचारलं असेल...

काल मी केस कापायला गेले होते. अगदी कानापर्यंत काप, म्हणून सांगितलं. पार्लरमधल्या मुलीने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री हातात घेतली.

मी उठले, तिची माफी मागितली, आणि केस तसेच घेऊन घरी आले.